माझ्या शिक्षणाची किंमत कोण मोजतं?

मला भूल देण्याचं शास्त्र शिकायचं आहे. मी डॉक्टर नाही, नर्स आहे. नगरमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत काम करते. ऑपरेशन टेबलाच्या उशाशी, जिथे भूलतज्ज्ञ उभे असतात, तिथे उभं राहून काम करावं असं मला बी.एस्सी.ला असल्यापासून वाटत आलं आहे. आपल्या देशात नर्सला ते काम करता येत नाही. अमेरिकेत करता येतं, स्वीडन-नॉर्वेत करता येतं. तिथे अनुभवी नर्स पुढचं शिक्षण घेऊन भूल देतात. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वाट म्हणजे एम.एस्सी. नर्सिंगमधली ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ ही पदवी. इंडियन नर्सिंग कौन्सिलने गेल्या दशकात सुरू केलेला हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, निवासी पद्धतीचा आहे. बी.एस्सी. नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव, शक्यतो अतिदक्षता विभागातला, ही पात्रता. बरंचसं शिक्षण वर्गात न होता रुग्णाच्या खाटेशेजारी होतं. श्वासमार्ग कसा सांभाळायचा, व्हेंटिलेटर रुग्णागणिक कसा बदलायचा, कोणत्या क्षणी काय ठरवायचं आणि त्या ठरवण्याची जबाबदारी कशी घ्यायची, हे त्यात शिकवतात.

पात्रता माझ्याकडे आहे. अनुभवाचा दाखला हातात आहे. फी कशी भरायची याचाही थोडाफार विचार झाला आहे. अर्ज मात्र भरला गेलेला नाही. मैत्रिणी म्हणतात, घाबरतेस. घाबरते आहेच, पण थांबले आहे ते त्यासाठी नाही. मला स्वतःला काही प्रश्न विचारायचे आहेत आणि त्यांची उत्तरं स्वतःपासून न लपवता द्यायची आहेत. अर्जावर सही झाली की ते प्रश्न मी टाळीन, हे मला माहीत आहे. निघालेला माणूस मागे वळून बघत नाही.

पहिला प्रश्न सोपा वाटतो: हे शिकायचं आहे कशासाठी?

मनात लगेच एक चेहरा येतो. ऊसतोडीचा हंगाम सुरू होता. कोपीत जमिनीवर झोपलेला एक माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. घसा दुखू लागला, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना. आमच्याकडे आणला तेव्हा श्वास तुटत चालला होता. मण्यार चावल्याची खूण बहुतेकदा शोधूनही सापडत नाही, त्याचीही सापडली नाही. ट्यूब टाकली, व्हेंटिलेटरवर घेतलं, सर्पविषावरचं औषध दिलं. त्यानंतर तो संपूर्ण लुळा पडला. पापणी हलेना, बोट हलेना. बायको काचेतून बघून मटकन खाली बसली. तिच्या लेखी तो गेला होता. पण मण्यारीचं विष स्नायूंना पोचणारा निरोप तोडतं, शुद्ध हिरावत नाही. तो सगळं ऐकत होता. त्याची मुलगी कानाशी बोलली की मॉनिटरवर नाडीचा आकडा वर जायचा. मी दोन बोटांनी त्याची पापणी उचलून धरायचे आणि म्हणायचे, “दादा, बघा, ही तुमची बायको उभी आहे. तुम्ही बरे होणार आहात. श्वास मशीन घेतंय, तुम्ही काळजी करू नका.” काही दिवसांनी त्याच्या पायाचा अंगठा किंचित हलला. मग आम्ही ठरवलं, ‘हो’ असेल तर अंगठा हलवायचा. “दुखतंय का?” अंगठा हलला. त्या दिवसापासून त्याला कूस बदलताना, सक्शन करताना मी आधी सांगत असे आणि मगच हात लावत असे.

तो चालत घरी गेला. पण माझ्या मनात रुतून राहिला तो त्याचा अंगठा. एक जागा माणूस, ज्याच्या हाती स्वतःचं काहीच उरलेलं नाही, आणि त्याच्या श्वासाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी आहे. भूल देणारा माणूस रोज हेच करतो. दुसऱ्याचा श्वास काही काळ आपल्या हाती घेतो आणि तो परत करण्याची हमी देतो. त्या कामाइतकं मला दुसरं काही मोलाचं वाटत नाही. हे उत्तर खरं आहे.

पण तेवढंच खरं आहे का? रात्रभर रुग्णाशेजारी मी बसलेली असते. लघवी किती झाली, दाब कुठे घसरला, कोणत्या कुशीवर सॅच्युरेशन टिकतं, हे मला माहीत असतं. सकाळी राउंडला दुसरंच कुणी त्याबद्दल बोलतं, आणि माझ्याकडे न बघता “सिस्टर, चार्ट” म्हणून हात पुढे येतो. त्या हातात चार्ट देताना मनात जे उसळतं, त्याचाही या अर्जात वाटा आहे. मला मान हवा आहे. माझं म्हणणं ऐकून घेतलं जावं, एवढं वजन नावामागे हवं आहे. शिवाय पैसा. खासगी रुग्णालयात नर्सचा पगार किती असतो हे या क्षेत्रातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. पुढचं शिक्षण झालं तर बरे दिवस येतील, हाही हिशेब मनात आहे. मान आणि पैसा हवा असणं यात मला पाप दिसत नाही. मुलाखतीत आणि घरीही मी फक्त सेवेचं नाव पुढे करून या दोन गोष्टी मागे दडवल्या, तर ते खोटं होईल. माझ्या इच्छेत तिन्ही आहेत. सेवेचा भाग सर्वांत मोठा आहे असं मला वाटतं. परंतु स्वतःला मोजताना माणसाचं माप नेहमी मोठं पडतं, हेही मी जाणते.

या कामात नर्स काही आगंतुक नाहीत. अमेरिकेत मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ नावाच्या नर्सने १९०६ मध्ये आपल्या कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हा तिने १४,००० हून अधिक शस्त्रक्रियांत भूल दिली होती, आणि भुलीमुळे एकही मृत्यू झालेला नव्हता. ईथर थेंबाथेंबाने द्यायची आणि त्याच वेळी रुग्णाशी धीराने बोलत राहायची, ही तिची पद्धत. आपल्याकडे हैदराबादच्या रूपाबाई फर्दुनजी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्या वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या होत्या, नर्स नव्हत्या. पण एका बाईच्या हाती दुसऱ्याची शुद्ध सोपवायला समाज तयार झाला होता, हे त्यांच्या आयुष्यावरून कळतं. अमेरिकेत आज या शाखेत येणाऱ्या नर्सला अतिदक्षता विभागातला अनुभव आणि त्यानंतर डॉक्टरेट पातळीचा साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्या काळात नोकरी करणं जवळपास अशक्य असतं. तिथल्या नर्सही अर्जाआधी हाच हिशेब मांडत असणार: घर, मुलं, कर्ज, जोडीदार. त्यांचं उत्तर मला उपयोगी पडणार नाही. माझं घर पारनेर तालुक्यात आहे.

आणि गरज तर आमच्या जिल्ह्यात आहेच. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, १४ तालुके. अकोले तालुक्याच्या डोंगरातून किंवा पाथर्डी-जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरून निघालेल्या रुग्णाला मोठ्या दवाखान्याचं दार दिसेपर्यंत काय काय होतं, ते आम्ही आयसीयूत बघतो. अडलेल्या बाळंतिणीचं सिझर करायला सर्जन असून भागत नाही, भूल देणारं माणूसही लागतं. ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ इतके कमी की सरकारने एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तातडीच्या प्रसूतीसाठी भूल द्यायला शिकवण्याची योजना आखली. म्हणजे काम वाटून घेतल्याशिवाय पर्याय नाही, हे सरकारलाही मान्य झालं होतं.

जामखेडने तर हे फार आधी करून दाखवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. या बायका आपापल्या गावांतून नियमित जामखेडला येत, शिकत, परत जाऊन गरोदर बाईची तपासणी करत, बाळाचं वजन घेत, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते आईला शिकवत. डॉक्टरांच्या हातचं समजलं जाणारं कितीतरी काम त्यांनी पेललं. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेड बघायला येऊ लागले. नर्सिंगला असताना आमच्यापुढे हे उदाहरण अनेकदा ठेवलं गेलं. तेव्हा मला त्यातली सेवा दिसायची. आता दुसराच प्रश्न पडतो: त्या बायका शिकायला जामखेडला यायच्या, तेव्हा त्यांच्या चुलीपाशी कोण बसायचं? तान्ही पोरं कुणाकडे असायची? पुरस्काराच्या कागदावर त्या मागे राहिलेल्या हातांची नावं नसतात.

इथे मी माझ्या खऱ्या प्रश्नापाशी येते. गेले कित्येक महिने माझ्या मनात एक यादी होती. झोप जाईल. दोन वर्षं पगार जाईल, वर कर्ज होईल. अभ्यासक्रमासाठी पुण्यात खोली करून राहावं लागेल. मुलगी आत्ता तिसरीत आहे, तिची तिसरी-चौथी माझ्या डोळ्यांआड होईल. दुसऱ्या मुलाचा विचार पुढे ढकलावा लागेल, आणि माझं वय बघता पुढे ढकलणं म्हणजे बहुधा सोडून देणं. ही यादी मी मनातल्या मनात वाचायचे आणि मला स्वतःचं कौतुक वाटायचं. किती सोडते आहे मी! आमच्या व्यवसायात त्यागाची स्तुती एवढी होते की स्वतःचे त्याग मोजण्याची सवयच लागते.

एका नाइट ड्युटीत तीच यादी वहीच्या मागच्या पानावर उतरवली आणि प्रत्येक ओळीसमोर लिहिलं: हे कोण देणार? झोप, मी. पगार, मी आणि नवरा. दुसरं मूल, आम्ही दोघं, आणि तोंडाने कधी न बोललेल्या सासूबाई. मुलीची संध्याकाळ, मुलगी. सुप्याच्या एमआयडीसीतली नवऱ्याची बदलती पाळी सांभाळून तिला शाळेत सोडणं-आणणं, नवरा. गुडघे धरलेले असताना पुन्हा स्वयंपाकाला उभं राहणं, सासूबाई. आणि उरलेलं सगळं, म्हणजे पाणी, धुणं, गोठा, मुलीचा डबा, सासूबाईंचं औषधपाणी, आलं-गेलं, धाकटी जाऊ.

पानभर यादीत माझ्या नावापुढे फार थोडं उरलं होतं. ज्याला मी माझा त्याग म्हणत होते, त्यातला बराचसा दुसऱ्यांच्या वाट्याचा होता, आणि त्यांना तो मागितलेलाही नव्हता.

भूल देण्याआधी रुग्णाची संमती घेतात. ऑपरेशनची वेगळी, भुलीची वेगळी. काय करणार, काय धोका आहे, जाग कधी येईल, हे रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं असतं. सही घाईघाईने उरकली तर ती कागदावर चालून जाते, पण चांगला भूलतज्ज्ञ तसं करत नाही. हे मला पाठ आहे. घरात मात्र मी काय करायला निघाले होते? अर्ज भरायचा, निवड होऊ द्यायची, पेढे वाटायचे आणि आनंदाच्या त्या गडबडीत सगळ्यांना सांगायचं, आता जावंच लागेल. निवड झालेल्या सुनेला ‘जाऊ नको’ म्हणायचं कुणाच्या जिभेवर आलं असतं? मला होकार मिळाला असता, पण त्याला संमती म्हणता आलं नसतं.

यावर मनात एक प्रतिवाद लगेच उभा राहतो, आणि तो जोरदार आहे. पुरुष शिकायला, नोकरीला बाहेर पडतो तेव्हा कोण विचारतं कुणाला? आमच्याच तालुक्यातले किती पुरुष मुंबईला गेले, फौजेत गेले. मागे राहिलेल्या बायकांनी शेत सांभाळलं, सासू-सासरे सांभाळले. त्यांची संमती कुणी घेतली नाही. मग एक बाई शिकायला निघाली की लगेच सगळ्या घराचा हिशेब का? हा प्रश्न मी अनेकदा रागाने विचारला आहे आणि तो राग रास्त आहे. बाईच्या शिक्षणाला घराची परवानगी लागावी, हे मला मान्य नाही. पण परवानगी मागणं वेगळं आणि आपल्यासाठी जो राबणार आहे त्याला विचारणं वेगळं. मला अडवण्याचा हक्क कुणाला नाही, तसाच मलाही दुसरीचे हात न विचारता वापरण्याचा हक्क नाही. पुरुषांनी ते वर्षानुवर्षं केलं म्हणून तो मला मिळत नाही. माझ्यावर झालेला अन्याय खरा आहे. तो पुढे करून जावेवरचा अन्याय झाकता येणार नाही.

जाऊ बारावी शिकलेली आहे. शिक्षक व्हायचं तिच्या मनात होतं. लग्न झालं, दोन मुलं झाली, सासऱ्यांचं आजारपण झालं. मी ड्युटीवर असायचे, ती घरी असायची. ‘मोठी नोकरी करते’ हे माझ्याबद्दल आणि ‘धाकटी घर सांभाळते’ हे तिच्याबद्दल गावात अगदी सहज बोललं जातं. तिने घर सांभाळलं म्हणून मला नोकरी करता आली, हे कुणी म्हणत नाही. मीही कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

कांदे काटायचं काम चालू होतं, ती वावरात बसली होती. मी तिच्याशेजारी विळा घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. कोर्स काय आहे, किती वर्षं, किती पैसे, आणि तिच्यावर नेमकं काय काय येऊन पडेल, ते वहीतल्या यादीवरून वाचून दाखवलं. ती बराच वेळ पात कापत राहिली. मग म्हणाली, “ताई, तुमी जावा. पन एक सांगू का? या घरात सगळं ठरतं आन् मंग मला कळतं. आज पयल्यांदा आधी कळलं.”

मी म्हटलं, “तुला नको वाटत असेल तर तसं सांग. राग नाही येणार मला.”

“नको कशाला वाटंल? पन दोन म्हशी माझ्याच्यानं व्हनार न्हाईत. एक इका. आन् मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचाय मला, बी.ए.चा. किती दिस म्हनतेय. परीक्षेच्या दिवसांत घरी कोनीतरी पायजे. तेवढं तुमी त्यांना सांगा, माझं कोन ऐकत न्हाई.”

बोलून ती पुन्हा कामाला लागली. मला मात्र हात चालवणं सुचेना. माझ्या मनातलं तिचं ओझं केवढं तरी मोठं, अंधुक आणि म्हणूनच विसरून जायला सोपं होतं. विचारल्यावर ते स्पष्ट झालं: एक म्हैस, एक फॉर्म, परीक्षेचे काही दिवस. माणसाला विचारलं नाही की त्याने दिलेलं आपल्याला अमाप वाटत राहतं, आणि अमाप गोष्टीची परतफेड कुणी करत नाही. विचारलं की तो माणूस नेमकं सांगतो. आणि नेमकं सांगितलेलं देता येतं.

म्हैस विकणं सोपं गेलं नाही. डेअरीच्या दुधाच्या पैशांवर सासूबाईंचा स्वतःचा असा थोडा खर्च चालतो. तो त्यांना कुणाकडे मागावा लागत नाही. म्हणजे तिथेही एका बाईचा स्वतःचा पैसा जात होता. शेवटी दुधाच्या पैशांतून त्यांच्या हाती जेवढं पडायचं, तेवढी रक्कम माझ्या नवऱ्याने दर महिन्याला त्यांच्या हातात ठेवायची, असं ठरलं. दिराला कांदा घेऊन नेप्तीच्या बाजारात जावं लागतं, त्या दिवशी गोठा कुणाचा, हेही ठरलं. हे सगळं बोलायला आमच्या घराला अनेक संध्याकाळी लागल्या. आवाज चढले, रुसवे झाले. पण एवढ्या वर्षांत घरातल्या कामाची वाटणी पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली गेली.

उरली मुलगी. तिची संमती मी कशी घेणार? “आई पुण्याला जाऊ का?” असं तिला विचारणं म्हणजे माझा भार तिच्या खांद्यावर टाकणं. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत निर्णय दुसऱ्याला घ्यावा लागतो आणि तो त्याचं हित बघून घ्यावा लागतो. पण घेणाऱ्याने हेही कबूल करावं लागतं की निर्णय आपण घेतला. म्हणून मी तिला एक गोष्ट कधीच सांगणार नाही: हे सगळं तुझ्यासाठी करते आहे, असं. ते खरं नाही. तिने कधी आईने शिकावं म्हणून हट्ट धरला नाही. तिला आई संध्याकाळी घरी हवी आहे. मी शिकते आहे ते मला शिकायचं आहे म्हणून. याचा तिला पुढे फायदा होईल, न होईल. मोठी झाल्यावर तिने विचारलं, “तेव्हा तू का नव्हतीस?” तर मी त्याग केला म्हणून मिरवणार नाही. निर्णय माझा होता, आणि तुझी काही वर्षं त्यात गेली, असं सांगेन. तिला माझ्यावर रागावण्याचा हक्क मी आत्तापासून देऊन ठेवते आहे.

शेवटची भीती वेगळी आहे आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हे चिंतन पुरं होत नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. स्वतःहून उठून बाहेर पडता येणार नाही अशी ती माणसं होती. पुढे एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कोण किती दोषी, हे सांगणारी मी कोण? ते न्यायालयाचं काम. पण त्या दिवसांत जिल्ह्यातल्या प्रत्येक आयसीयूत ड्युटीवर आलेल्या नर्सने पहिल्यांदा आग विझवायचं सिलिंडर कुठे टांगलं आहे ते बघितलं असेल. मी बघितलं. आणि मनात विचारलं: जबाबदारी वाढवून घ्यायला निघालीस, पण त्या जबाबदारीएवढा अधिकार तुला कुणी देणार आहे का? नर्स प्रॅक्टिशनर ही पदवी मिळते, पण त्या नावाचं पद सगळीकडे तयार झालेलं नाही. शिकून परत यायचं आणि पुन्हा तोच “सिस्टर, चार्ट” ऐकायचा, असंही होऊ शकतं. घरातल्या सगळ्यांकडून एवढं घेऊन शेवटी पदरात काही पडलं नाही तर?

या प्रश्नाला माझ्याकडे धीराचं उत्तर नाही. पण एवढं उमगलं आहे की तो धोका मला एकटीला माहीत असून चालणार नव्हतं. म्हणून तोही घरी सांगितला. नवरा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “कांदा लावताना भाव विचारून लावतो का आपण?” त्याने परवानगी दिली असं मी म्हणणार नाही. त्याने माझ्याबरोबर धोका पत्करला.

आणखी एका गोष्टीचा निवाडा मला स्वतःशी करायचा होता. मुलाखतीत दुर्गम तालुक्यांचं, अडलेल्या बाळंतिणींचं नाव घ्यायचं मोठं आमिष आहे. ती गरज खरी आहे. पण ते नाव घेऊन जागा मिळवायची आणि नंतर जर्मनीचा किंवा आखाताचा एजंट फोन करेल तेव्हा निघून जायचं, हा व्यवहार माझ्या मनाला पटत नाही. परदेशी जाणाऱ्या नर्सना मी दोष देत नाही, त्यांच्या घरांचे हिशेब मला माहीत नाहीत. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे: जिल्ह्याचं नाव मुलाखतीत घेतलं, तर जिल्ह्यात परत यायचं. ते बांधून घ्यायची तयारी नसेल, तर नाव घ्यायचं नाही, आपली इच्छा आपल्या नावावर सांगायची. आज माझी परत यायची तयारी आहे. पुढे माझं मन बदललं, तर निदान मी कुणाच्या नावावर शिकले ते मला आठवत राहील, आणि ते मला सुखाने जाऊ देणार नाही, अशी मी सोय करून ठेवते आहे.

अर्ज मी करणार आहे. त्याआधी जावेचा मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचा, फी आमच्या दोघांच्या पैशांतून. तिच्या परीक्षेच्या दिवसांत मला पुण्याहून रजा मिळो न मिळो, घर नवऱ्याने आणि दिराने सांभाळायचं, हे आत्ताच ठरवून ठेवायचं. माझा कोर्स संपल्यावर तिला पुढे शिकायचं असेल, तर तिच्या त्या वर्षांत घरी मी असायचं. नोकरी तशी शोधायची. निवड नाही झाली तरी यातलं काही रद्द होणार नाही. मुलाखतीत कुणी विचारलं, हे का करायचं आहे, तर मी सांगेन: दुसऱ्याचा श्वास हाती घेण्याचं काम मला नीट करायचं आहे, त्यात मला मान आणि पैसाही हवा आहे, आणि हे शिकण्यासाठी माझ्या घरातल्या मोठ्या माणसांनी आपापल्या अटी सांगून होकार दिला आहे. त्या अटी मी पाळते की नाही, यावरूनच मी शिकण्याच्या लायक होते की नाही ते ठरेल.